भरलेला फिशटँक डोंबिवलीहून नाशिकला न्यायचाय, मासे कसे न्यावेत?

निळीशाई
नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या शेवटी आमचं बिऱ्हाड डोंबिवलीहून नाशिकला हलतंय, पाथर्डी फाट्याच्या बाजूला फ्लॅट घेतलाय. बाकी सामानाचं ठरलंय पण फिशटँकचं काही सुचत नाहीये. टँक ३ फूट बाय १ फूट बाय सव्वा फूट आहे, त्यात २ मोठे एंजल, निऑन टेट्राचा एक घोळका, ४ कोरी (तळाशी फिरणारे छोटे मासे) आणि एक सकर (काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा), तो आता जवळजवळ फूटभर झालाय. खाली ग्रॅव्हल, मोठ्या लाकडावर अनुबियसचं झाड बांधलेलं, मागे व्हॅलिसनेरियाची झाडं. पॅकर्सवाल्यांना विचारलं तर टँक रिकामा असेल तर नेऊ म्हणाले, माशांना हात लावणार नाहीत आणि काचेची जबाबदारीही घेणार नाहीत. मुलीने यातले बरेचसे मासे एवढेएवढेसे असल्यापासून सांभाळलेत त्यामुळे देऊन टाकायचा विषय घरात काढताच येत नाही. कोणी असा टँक गावाहून गावाला नेलाय का? मे महिन्यात, कसारा घाटातून? जे काही माहिती असेल ते सांगा प्लीज.

घाटवाट
ताई मी ठाण्यातल्या ठाण्यात नेलाय. सोपं आहे. एक तृतीयांश पाणी ठेवायचं, मासे आतच ठेवायचे, वर प्लास्टिक बांधून चार माणसं लावून टेम्पोत. बाकीचं पाणी मात्र एक थेंब फेकू नका, सगळं कॅनमध्ये भरून न्या, कारण चांगले जिवाणू सगळे त्या पाण्यातच असतात, ते गेले की टँक परत पहिल्यापासून.

काचघर
घाटवाट, थांबा थांबा. मी टँक बनवतो, त्यामुळे यावर बोलायलाच पाहिजे. पाण्यासकट टँक उचलू नका. नाहीच उचलायचा. एक तृतीयांश सुद्धा नाही.

हिशोब सांगतो. १ घनफूट म्हणजे साधारण २८.३ लिटर. ताईंचा टँक पावणेचार घनफूट, म्हणजे काठोकाठ भरला तर १०६ लिटर, तेवढेच किलो. त्यात काच आणि ग्रॅव्हल धरा, १४० किलोच्या आसपास जातो. एक तृतीयांश पाणी ठेवलं तरी पाण्याचे ३५ किलो, शिवाय दगड, काच आणि लाकूड. पण वजन हा अर्धाच प्रश्न आहे. स्टँडवर टँक सगळ्या बाजूंनी सारखा टेकलेला असतो, उचलताना चार माणसं चार कोपऱ्यांना धरतात आणि कोणाचा तरी हात दोन इंच खाली राहतो, तिथे काच पिळवटते. काच लगेच तडकत नाही, सिलिकॉनचा जोड कुठेतरी केसाएवढा सुटतो आणि टँक नव्या घरी भरल्यावर चार दिवसांनी मध्यरात्री गळायला लागतो. त्यात गाडीने ब्रेक मारला की आतलं पाणी लाट होऊन पुढच्या काचेवर आदळतं, तो धक्का वेगळा. जवळच्या जवळ नेताना निभावून जातं म्हणून लोकांना वाटतं चालतं.

रिकामा करा म्हणजे पूर्ण रिकामा, ग्रॅव्हल पण काढायची. उचलताना तळाखालून धरायचा, वरच्या काचेच्या पट्टीला धरून कधीच नाही, ती पट्टी काचा बाहेर फुगू नयेत म्हणून असते, वजन पेलायला नाही. टेम्पोत खाली जाड थर्माकोल किंवा गादी, टँक आडवा न टाकता उभाच, म्हणजे घरात असतो तसाच, लांबी गाडीच्या लांबीच्या दिशेने. आत उशा-चादरी भरल्या तर चालेल पण कुकर मिक्सर असलं काही कोंबू नका, पॅकर्सच्या पोरांना रिकामा खोका दिसला की ते भरतात. त्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

पाणवठा
काचघर यांच्याशी शंभर टक्के सहमत. आता जिवाणूंबद्दल, कारण तिथे सगळ्यात जास्त गैरसमज आहे आणि त्यातच मासे मरतात.

माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांमधून अमोनिया बाहेर पडतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट माशांना विषारी, नायट्रेट बरंच सौम्य. हे जिवाणू पृष्ठभागाला चिकटून राहतात. फिल्टरच्या स्पंजवर, सिरॅमिकच्या रिंगांवर, ग्रॅव्हलवर, लाकडावर. पाण्यात तरंगणारे अगदी नगण्य. म्हणून पाणी सगळं नेलं आणि फिल्टर नळाखाली स्वच्छ धुऊन कोरडा करून खोक्यात भरला, तर तुम्ही टँकचा जीव इथेच ठेवून गेलात असं समजा. नव्या घरी पोचल्यावर मासे दोन दिवस ठीक दिसतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येऊन तोंड उघडून श्वास घ्यायला लागतात आणि लोक म्हणतात प्रवास मानवला नाही. प्रवास मानवलेला असतो, फिल्टर मेलेला असतो.

तर ताई, माझं सांगणं एवढंच की माशांइतकीच काळजी त्या स्पंजची घ्या. तो टँकच्याच पाण्यात हलकासा हलवून मळ काढा, पिळून स्वच्छ करायचा नाही. मग छोट्या झाकणाच्या बादलीत टँकचं पाणी घेऊन त्यात स्पंज आणि रिंगा ठेवा, बुडतील इतकंच पाणी, वर भरपूर हवा, आणि जमलं तर त्यातच एक एअरस्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा दगड) सोडा. या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो. कोणाकडे कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेर ठेवायचा बंद डब्यासारखा) असेल तर तो पाणी भरून घट्ट बंद करून नेऊ नका, आतला ऑक्सिजन काही तासांत संपतो, आत सडतं आणि तिकडे सुरू केला की ते सगळं घाण पाणी थेट टँकमध्ये. उघडायचा, पाणी ओतून टाकायचं, आतलं मटेरियल ओलं ठेवून न्यायचं.

जुनं पाणी तरीही न्याच, पण कारण वेगळं. माशांना त्याच पाण्याची सवय आहे, त्याचा पीएच (आम्लपणा किती ते), त्याचा जडपणा (क्षार किती ते). डोंबिवलीला उल्हास नदीचं पाणी येतं, ते मऊ. नाशिकला महापालिकेचं गंगापूर धरणाचं पाणी असेल तर फार फरक पडणार नाही, पण तुमची बिल्डिंग नवी दिसतेय, तिथे बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळत असतील तर दगडातलं जड पाणी. त्यामुळे आधी एकदा जाल तेव्हा नळाचं पाणी बाटलीत घेऊन या आणि टीडीएस मीटरने, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्राने, दोन्ही मोजा. मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो.

रानजाई
थोडं वेगळं बोलते. मासे नेणं जमत नसेल तर कुठल्यातरी दुकानाला किंवा ओळखीच्या मासे पाळणाऱ्याला द्या पण कृपया तलावात नदीत सोडू नका, निळीशाई तुम्ही असं करणार नाही हे कळतंय, पण हा धागा बाकीचे लोकही वाचणार म्हणून लिहितेय. विशेषतः सकर. उजनीत तो सापडतोय, मच्छीमार त्याला हेलिकॉप्टर मासा म्हणतात, जाळ्यात आला की काटे अडकून जाळं फाटतं आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. मूळ दक्षिण अमेरिकेतला, इथे त्याला खाणारं फारसं कोणी नाही. घर बदलताना सामान कमी करायचं म्हणून लोक 'जीवदान' देतात आणि त्या पाण्यातले आपले मासे भोगतात.

निळीशाई
रानजाई, नाही नाही, सकर आमच्याबरोबरच येणार. तोच तर सगळ्यात जुना. पाणवठा काका, खूप धन्यवाद, स्पंज नळाखाली धुवायचा नाही हेच मला माहीत नव्हतं.

अजून एक अडचण. सासूबाईंची इच्छा आहे की वास्तुशांतीच्या दिवशीच टँक ईशान्येला भरलेला, मासे फिरताना दिसले पाहिजेत. वास्तुशांत आम्ही सामान नेण्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवलीय. होम हॉलमध्येच. आणि फ्लॅटला आत्ताच रंग लावून झालाय, पेस्ट कंट्रोल पुढच्या आठवड्यात आहे. हे सगळं एकत्र कसं बसवू?

पाणवठा
अहो बरं झालं विचारलंत. पेस्ट कंट्रोल आणि मासे हे सगळ्यात धोकादायक. घरात फवारतात त्यातली बरीच औषधं पायरेथ्रॉइड गटातली असतात आणि ती माणसाला जेवढी सहन होतात त्याच्या कितीतरी कमी मात्रेत मासे मारतात. पेस्ट कंट्रोल जितकं आधी उरकता येईल तितकं उरका, नंतर खिडक्या उघड्या ठेवा, आणि टँकचा स्टँड जिथे येणार ती फरशी आणि भिंत ओल्या फडक्याने पुसून घ्या. टँक, बादल्या, जाळी यातलं काहीही फवारणीच्या वेळी तिथे असू नये. रंगाचंही तसंच, वास पूर्ण जाईपर्यंत थांबावं. एअर पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो, म्हणजे खोलीत जे आहे ते सगळं पाण्यात.

होमाच्या धुराचं पण हेच. हॉलमध्ये होम असेल तर तेवढा वेळ एअर पंप दुसऱ्या खोलीत ठेवा, लांब नळी टाकून, किंवा तास-दीड तास बंद ठेवून नुसता फिल्टर चालू ठेवा, फिल्टरचं पाणी वरून पडत असेल तर तेवढ्याने भागतं. वर काच आणि ओलं फडकं.

सासूबाईंना सांगा टँक त्या दिवशी भरलेला असेल, मासे आत असतील, पण दिवा बंद आणि पाहुण्यांच्या पोरांनी काच वाजवायची नाही. आदल्या दिवशीच प्रवास करून आलेल्या माशांना अंधार आणि शांतता हवी असते. आणि हो, प्रसाद-बिसाद कोणी आत टाकणार नाही याकडे एक माणूस नेमून ठेवा, खरंच सांगतोय.

कुर्लापेठ
माझं माशांचंच दुकान आहे, रोज पिशव्या भरतो तर त्यावर लिहितो.

शेवटचं खाणं निघायच्या दीड-दोन दिवस आधी. मोठे मासे दोन दिवस उपाशी राहिले तर काही होत नाही, पोट रिकामं असलं की पिशवीत घाण करत नाहीत. लोकांना दया येते आणि निघताना चिमूटभर टाकतात, ते करू नका.

पिशवीत एक तृतीयांश पाणी, दोन तृतीयांश हवा. पाणी जास्त भरलं म्हणजे मासा सुरक्षित असं नसतं, त्याला ऑक्सिजन वरच्या हवेतून मिळतो. डबल पिशवी, एकीत एक उलटी घालायची आणि खालचे दोन्ही कोपरे रबरबँडने बांधायचे, नाहीतर टेट्रा कोपऱ्यात अडकून चिरडतात. ओळखीच्या दुकानात रिकाम्या पिशव्या आणि मासे घेऊन गेलात तर सिलिंडरमधून ऑक्सिजन भरून देतात. तसा भरला की दिवसभराचा प्रवास आरामात होतो, तुमचे तर चार-पाच तास, फार तर सहा.

एंजल एकेका पिशवीत एकेक, उंच पिशवी घ्या, पंख दुमडता कामा नयेत. टेट्रा पाच-सहा एका पिशवीत चालतील. कोरीची एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. कोरी फार घाबरली की अंगातून विष सोडते आणि बंद पिशवीत त्या विषाने स्वतःच मरते, बरोबरच्यांनाही मारते. म्हणून कोरी पकडल्यावर लगेच पिशवीत नाही, आधी बादलीत थोडा वेळ ठेवायच्या, पाण्यावर फेस दिसला तर पाणी बदलायचं, मग ताज्या टँकच्या पाण्यात पिशवी. टेट्रांबरोबर एकत्र नको.

सकर पिशवीत नकोच. कल्ल्यामागचे काटे पिशवी फाडतात. त्याला झाकणाची २० लिटरची बादली, अर्धी भरलेली, झाकणाला भोकं, आत एअरस्टोन. जाळीने पकडू नका, काटे जाळीत अडकले की सोडवताना तुमचा हात आणि त्याचा पंख दोन्ही फाटतात, बादली बुडवून त्यातच हाकला.

सेलवर चालणारा एअर पंप दुकानात मिळतो, मोठ्या सेलचे दोन जोड बरोबर ठेवा. आता यूएसबीवाले पण आलेत, पॉवरबँकवर चालतात, ते जास्त चांगले.

मुठाकाठ
कुर्लापेठ यांचं सगळं बरोबर, फक्त पोचल्यावर काय करायचं यावर एक मुद्दा घालतो कारण त्यात नेहमीचा सल्ला कधीकधी उलटा पडतो.

सगळे सांगतात की पिशवी उघडून तासभर थेंबथेंब नवं पाणी सोडायचं. जवळच्या दुकानातून मासा आणला तर ठीक. पण पिशवी चार-सहा तास बंद असली की आत दोन गोष्टी साठतात, माशाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया. कार्बन डायऑक्साइडमुळे पिशवीतल्या पाण्याचा पीएच खाली येतो आणि कमी पीएचला अमोनिया बहुतेक अमोनियमच्या रूपात असतो, जो फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच वर चढतो आणि तोच साठलेला अमोनिया विषारी रूपात येतो. आकड्यात सांगायचं तर २५ अंशाला पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या जरा वर विषारी असतो, पीएच ८ ला तोच पाच टक्क्यांच्या वर. दसपट. म्हणजे तासभर ठिबक लावून आपण माशाला त्यातच ठेवतो.

म्हणून बंद पिशवी टँकमध्ये पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवा, तापमान सारखं झालं की उघडा, पाणी जाळीतून बादलीत ओता आणि मासा लगेच टँकमध्ये. पिशवीचं पाणी टँकमध्ये नको. हे चालतं कारण टँकमध्ये बरंचसं जुनंच पाणी असणार आहे, त्यामुळे जडपणाचा धक्का बसत नाही. जुनं पाणी न्यायचा खरा फायदा इथे आहे.

आणि उन्हाळा. २५ अंशाच्या पाण्यात लिटरला ८ मिलिग्रॅमच्या थोडा वर ऑक्सिजन मावतो, ३५ ला ७ च्या खाली. पाणी तापलं की माशाला जास्त ऑक्सिजन लागतो आणि पाण्यात तो कमी असतो. मासे टेम्पोत नाही, तुमच्या गाडीत, एसीत, थर्माकोलच्या खोक्यात. चहाला थांबलात तर एक माणूस गाडीत एसी चालू ठेवून बसलाच पाहिजे. पिशवीवर बर्फ ठेवू नका, एकदम थंड झालं तर तेही वाईट.

घाटवाट
पाण्यात जिवाणू असतात हे मी इतकी वर्षं खरं मानत होतो. चांगली माहिती मिळतेय, चालू ठेवा.

निळीशाई
टीडीएस मोजला. इथला ९० च्या आसपास, नाशिकच्या नळाचा साडेपाचशे!! सोसायटीत विचारलं तर सध्या बोअरचंच पाणी आहे, महापालिकेचं कनेक्शन यायचंय. आता?

पाणवठा
घाबरू नका. एंजल आणि टेट्रा दोन्ही मऊ पाण्याचे मासे, पण हळूहळू बदललं तर बरंच जड पाणीही सहन करतात. एका दिवसात ९० वरून ५५० मात्र नको. तुमच्या टँकमध्ये लाकूड ग्रॅव्हल सोडून प्रत्यक्ष पाणी ९० लिटरच्या आत बसत असेल. २० लिटरचे पाण्याचे जार मिळतात तसे तीन-चार न्या, म्हणजे ६०-८० लिटर जुनं पाणी झालं. उरलेलं घरच्या आरओचं घाला, पहिल्या दिवशी बोअरचं नको. मग पुढचे काही आठवडे दर वेळी पाणी बदलताना थोडं बोअरचं आणि थोडं आरओचं मिसळून, हळूहळू बोअरचं वाढवत जा. महापालिकेचं सुरू झालं की मात्र अँटीक्लोरीन विसरू नका. आणि नव्या बिल्डिंगच्या टाक्या ताबा द्यायच्या आधी ब्लीचिंग पावडरने धुतात, तेव्हा बोअरचं पाणी असलं तरी क्लोरीन असू शकतं. दोन-चार थेंब अँटीक्लोरीन टाकायला काही जात नाही.

निघायच्या दिवशीचा क्रम सांगतो. आधी हीटरचं बटण बंद, निदान वीस मिनिटं पाण्यातच थंड होऊ द्या, गरम हीटर बाहेर काढला की काच फुटते. मग सगळ्यात आधी वरचं स्वच्छ पाणी नळीने जारमध्ये. ग्रॅव्हलला हात लावायच्या आधी, हे महत्त्वाचं, कारण एकदा तळ ढवळला की सगळं पाणी घाण. त्यानंतर लाकूड आणि झाडं, अनुबियस लाकडासकट ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत. मग पाणी चार-पाच इंचांवर आलं की मासे पकडा, भरलेल्या टँकमध्ये जाळी घेऊन पाठलाग केला की एंजलचे पंख फाटतात. शेवटी फिल्टर. ग्रॅव्हल काढल्यावर तळातलं पाणी ओतून द्या, ते न्यायचं नाही, आणि ग्रॅव्हल जुन्या पाण्यात दोनदा खळखळून ओलीच बादलीत.

टँक सगळ्यात शेवटी आवरायचा आणि तिकडे सगळ्यात आधी लावायचा. पॅकर्सना स्टँड आणि टँक टेम्पोत शेवटी चढवायला सांगा म्हणजे पहिले उतरतील. कपाटं नंतर लागतात.

काचघर
स्टँड ठेवल्यावर लेव्हल बघाच, नव्या फ्लॅटमध्ये फरशीला बाल्कनीकडे उतार असतो. टँकखाली थर्माकोलची शीट टाका, जुनी दबलेली असेल तर नवी. आणि मासे सोडायच्या आधी निदान अर्धा टँक भरून कोपऱ्यांवरून कोरडा टिश्यू फिरवा, गळत असेल तर लगेच ओला होतो. फ्लॅटमध्ये महावितरणचं मीटर चालू झालंय ना, आणि ईशान्येच्या त्या कोपऱ्यात प्लग आहे ना, हे आजच विचारून ठेवा.

निळीशाई
मंडळी, आम्ही पोचलो आणि मासेही पोचले, सगळेच्या सगळे! जरा सविस्तर लिहिते म्हणजे पुढच्यांना उपयोगी पडेल.

पाणी वरून काढून घेतल्यामुळे जार अगदी स्वच्छ भरले. मोठं लाकूड उचललं तर त्याच्या बरोबर खाली ग्रॅव्हल काळी पडलेली आणि सडक्या अंड्यासारखा वास आला, बुडबुडेही निघाले. मासे तोवर बाहेर काढलेले होते म्हणून बरं. तेवढी काळी ग्रॅव्हल फेकून दिली, बाकीची काकांनी सांगितली तशी धुतली. सकर बादली बुडवल्यावर स्वतःहून आत शिरला, मुलीने बादलीच्या तोंडाशी काकडीचा तुकडा धरला होता, त्याने तो खाल्ला नाही पण तिकडेच गेला. कोरींच्या बादलीत खरंच फेस आला, कुर्लापेठ दादा तुमचे आभार मानावे तेवढे थोडे, पाणी बदललं आणि मगच पिशवीत भरल्या.

पडघ्याच्या अलीकडे ट्रॅफिक लागला आणि पुढे कसाऱ्यात ट्रक बंद पडलेला, त्यामुळे अंदाजापेक्षा बराच उशीर झाला. बाहेर ऊन मरणाचं. एसी चालू, थर्माकोलचं खोकं मागच्या सीटवर, झाकण फटीपुरतंही उघडायचं नाही असं मुलीला बजावलं होतं, तिने नाही उघडलं. सकरच्या बादलीतला पंप पॉवरबँकवर होता आणि फिल्टरच्या बादलीत त्याचीच दुसरी नळी.

तिकडे टँक पहिला लावला. पाहुणे यायच्या आत भरला, फिल्टर सुरू केला, पिशव्या तरंगत ठेवून मग मासे सोडले. निऑन सुरुवातीला अगदी पांढरट दिसत होते, सकाळपर्यंत रंग आला. होमाच्या वेळी पंप बेडरूममध्ये. सासूबाईंनीच सगळ्या पोरांना टँकपासून लांब बसवलं.

पहिल्या दिवशी खायला दिलं नाही. अमोनियाची टेस्ट रोज करतेय, नळीतला रंग आधी पिवळाच होता, मग एक दिवस हलका हिरवा झाला, ०.२५ असेल, पाव टँक पाणी बदललं (आरओ आणि थोडं बोअर), आता परत पिवळा. पाणी मात्र दुधट दिसतंय. सगळं बदलू का?

पाणवठा
वा, वाचून फार आनंद झाला. अजिबात सगळं बदलू नका. दुधट पाणी म्हणजे तळ ढवळल्यामुळे दुसऱ्या प्रकारचे जिवाणू पाण्यात वाढलेत, माशांना त्रास नाही, आपोआप जातं. खाणं आठवडाभर रोजच्या निम्मं. अमोनिया परत दिसला तर पुन्हा पाव टँक. बरोबर नायट्राइटही बघत जा, अमोनिया उतरल्यावर तो चढू शकतो. एंजलच्या पंखांवर मिठाच्या कणासारखे पांढरे ठिपके येतात का तेवढं लक्ष ठेवा, धकाधकीनंतर ते येतात. आले तर इथे लगेच लिहा, त्यावर लोक पाण्यात मीठ टाकतात पण कोरी असताना ते भरमसाठ टाकायचं नसतं.

वऱ्हाडपाणी
पूर्ण धागा वाचला जी, फारच कामाचा आहे. माझी बदली ठाण्याहून नागपूरला झाली आहे, जूनच्या पहिल्या आठवड्यात जायचं. एकच मासा आहे, फ्लॉवरहॉर्न, ९ इंचाचा. समृद्धीने जाणार. एवढ्या लांब नेऊ का नको? आणि नागपूरला तेव्हा ४५ असते.

पाणवठा
न्या की. एकच मासा आहे हे उलट सोपं. २०२५ च्या जूनमध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून पूर्ण ७०१ किलोमीटर सलग आहे, ब्रेक आणि गचके कमी, माशाला ते चांगलंच. फक्त दिवसा जाऊ नका. संध्याकाळी निघा, पहाटे पोचा, ऊन चढायच्या आत टँक लागला पाहिजे. वाटेत थांबे लांब लांब आहेत त्यामुळे सेल, पॉवरबँक, पाणी सगळं बरोबर.

फ्लॉवरहॉर्नला ४०-५० लिटरचा झाकणाचा ड्रम, अर्ध्यापेक्षा थोडा जास्त भरलेला. झाकण दोरीने बांधा, तो उडी मारतो. मोठा मासा घाणही मोठी करतो, तर दोन-अडीच दिवस उपाशी, आणि जुन्या पाण्याचा एक जार हाताशी ठेवून निम्म्या वाटेत ड्रममधलं एक तृतीयांश पाणी बदलून घ्या. ड्रम पिशवीसारखा हवाबंद नाही, पंपाची हवा चालू आहे, त्यामुळे मुठाकाठ म्हणाले तसा पिशवीचा प्रश्न इथे येत नाही, पण मग अमोनिया कमी करायला पाणी बदलणं हाच उपाय. नागपूरला टँक खोलीतल्या कूलरच्या झोतात येईल असा ठेवा, वरचं झाकण काढून जाळी लावा, वारा पाण्यावरून गेला की दोन-तीन अंश सहज उतरतात.

वऱ्हाडपाणी
खूप आभार काका. ड्रम म्हणून घरात रंगाची २० लिटरची रिकामी बादली आहे, धुतली तर चालेल?

कुर्लापेठ
नाही चालणार दादा, एक तर ती लहान, आणि रंगाची, फिनाइलची, साबणाची बादली कितीही धुतली तरी नको, प्लास्टिकमध्ये मुरलेलं असतं ते बारा तासांत पाण्यात उतरतं. नवा ड्रम घ्या, साबण न लावता नुसत्या पाण्याने दोनदा धुवा आणि दोन दिवस पाणी भरून ठेवा. त्याच ड्रममध्ये निघायच्या आदल्या संध्याकाळी मासा तासभर ठेवून बघा, झाकण बांधून, पंप लावून. धडका मारत असेल तर वरून चादर टाका, अंधार झाला की शांत होतो.